कानातला रातकिडा

शनिवार सकाळ. हापिसाला सुट्टी, बायको माहेरी, चहा दुसऱ्यांदा गरम केलेला. खिडकी बंद, पंखा बंद, फ्रिजही आत्ताच घरघर थांबवून गप्प झालाय. आणि तरीही डाव्या कानात 'ईईईईई'... पूर्वी तो डबडा टीव्ही असायचा ना, आवाज बंद करून ठेवला तरी शेजारच्या खोलीत कळायचं की चालू आहे, तसला बारीक सूर. जवळजवळ तीन वर्षं झाली, हा पाहुणा मुक्कामाला आहे. मी त्याला रातकिडा म्हणतो. दिवसाही ओव्हरटाईम करणारा रातकिडा. :)

डॉक्टरी भाषेत टिनिटस. आज त्याच्यावरच्या औषधांबद्दल लिहायचंय. म्हणजे खरं तर त्याच्यावर नसलेल्या औषधांबद्दल, आणि ती नसलेली औषधं मी महिनोन् महिने इमानेइतबारे कशी गिळली त्याबद्दल.

तर मंडळी, सुरुवात झाली ९ सप्टेंबर २०२२ ला. अनंत चतुर्दशी. कोव्हिडमुळे दोन वर्षं पुण्यात मिरवणूक नव्हती, त्यामुळे त्या वर्षी सगळ्यांच्याच अंगात आलं होतं. मी एका पथकात ताशा वाजवायचो. आमच्या पथकातले निम्मे लोक आयटीतले. आठवडाभर खुर्चीत बसून कोड बडवायचा आणि शनिवार-रविवारी नदीपात्रात जाऊन चामडं बडवायचं, असा एकंदर कार्यक्रम. कानात कापूस घालणारा पोरगा म्हणजे आमच्यात चेष्टेचा विषय. मीही चेष्टा केलीय, खोटं कशाला बोलू. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना इमारती, आवाजाला वर जायलाही जागा नाही, पुढे चाळीस ढोल, आणि ताशा आपल्या स्वतःच्याच कानापासून हातभर अंतरावर. तास न् तास.

नंतर कधीतरी मी हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०१ डेसिबलला आठवड्याचा सगळा कोटा एकोणीस मिनिटांत खलास. आणि ताशाच्या शेजारी १०१ म्हणजे अगदी सौम्य अंदाज झाला. असो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांना दडे बसलेले आणि आत शिट्टी. त्यात विशेष काही नाही, दरवर्षी व्हायचं. दोन दिवसांत जायचं. यावेळी उजवा कान शहाण्या मुलासारखा ताळ्यावर आला. डावा नाही आला.

आधी घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मळ काढला. मळ निघाला, रातकिडा राहिला. मग ईएनटी. तिथे एका बंद खोक्यात बसवतात, हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. माझी पंचाईत अशी, की हे वाजवतायत का माझं मलाच वाजतंय तेच कळेना. दोनदा तर बाईंनी काहीच वाजवलेलं नसताना मी उत्साहानं बटण दाबलं. शेवटी आलेख निघाला. सगळा सरळ चाललाय आणि ४००० हर्ट्झला एकदम खड्डा. पुण्याच्या कुठल्याही रस्त्यासारखा. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजानं होतं असं. आणि चिठ्ठी लिहिली: बीटाहिस्टीन दिवसातून तीनदा, गिंकोच्या गोळ्या दोनदा, आणि नसांसाठी म्हणून एक मिथाइलकोबालामिन. महिनाभर.

"जाईल ना डॉक्टर?"

"बघू."

हे 'बघू' मी स्वतः क्लायंटला इतक्या वेळा म्हटलंय, की त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

आता इथे मामांची एंट्री. माझ्या मामांचं सांगलीला औषधांचं दुकान आहे. आमच्या खानदानात कुणालाही कसलीही चिठ्ठी मिळाली की डॉक्टरच्या जिन्यावरूनच तिचा फोटो मामांना जातो. मामा गोळ्या पाठवतात, पैसे घेत नाहीत, आणि वर 'जेवल्यावर घे' हे तीन तीनदा बजावतात. चिठ्ठी पाहून त्यांचा फोन आला.

"बाळ्या, कान वाजतोय होय रे तुझा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ह्या गोळ्या दुसऱ्या कशाला देतात? चक्करेला नाहीतर कानाला. ही मी पण घेतोय की."

"तुम्ही? कशासाठी?"

"माझ्या डाव्या कानात तंबोरा वाजतोय. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील."

मी गार. या माणसाच्या मांडीवर मी लहानाचा मोठा झालो, दर मे महिना त्यांच्या घरी काढला, आणि पंधरा वर्षांत एकदाही हा विषय निघाला नव्हता. विचारलं, मामींना माहीत आहे का. तर म्हणाले, "एकदा सांगितलं होतं, मला कुणी वाजवत नसताना पण ऐकू येतंय म्हणून. ती म्हणाली, मग मी बोलते तेवढं कसं ऐकू येत नाही?"

तंबोरा हा शब्द त्यांनी असाच नव्हता वापरला. मिरज शेजारीच. सतारी-तंबोऱ्यांचं गाव. मामांना गाण्याचा षोक. दर्ग्याच्या उरुसाला तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, ते ऐकायला जाणारच. त्यांच्या मते त्यांच्या कानातला तंबोरा काळी चारचा आहे आणि जरा उतरलेला. :)

पहिला महिना गेला. काही फरक नाही. दुसरा गेला. गोळ्यांनी पोटात जळजळ तेवढी झाली. आईनं बिल्वतेल सुचवलं. सुश्रुतानं कानाचे अठ्ठावीस रोग सांगितलेत, त्यात कर्णनाद आहे, हे तिनं मला मोठ्या विश्वासानं वाचून दाखवलं. आहे ते खरंच आहे. पण पडदा शाबूत असेल तर कानात टाकलेला थेंब पडद्यापाशी थांबतो, आणि बिघाड त्याच्या पलीकडे शंखात. तरी तेल घातलं. आईचा हात डोक्यावर होता तेवढा वेळ बरं वाटलं हेही नोंदवून ठेवतो.

या आवाजाचा खरा त्रास दिवसा नाहीच. दिवसा हापिसात एसी, कीबोर्ड, मॅनेजर, बरेच आवाज असतात. त्रास रात्री. दिवा बंद केला की हा एकटाच उरतो, आणि मग डोकं विचारायला लागतं: हा आयुष्यभर असणार? अजून चाळीस वर्षं? शांतता नावाची वस्तू मी शेवटची कधी ऐकली, आणि ऐकत होतो तेव्हा लक्ष का नाही दिलं? रात्री तीनला मी फोनवर पुढची गोळी शोधत बसलेला असायचो. हापिसात दोनदा चुकीचा बदल प्रॉडक्शनला ढकलला. बायको शेजारी झोपलेली असायची आणि तिच्या शांत झोपेचा मला चक्क राग यायचा.

तेव्हा दुसऱ्या ईएनटीकडे गेलो. त्यांनी आधी एमआरआय काढायला लावला. एकाच कानात वाजत असेल तर ऐकण्याच्या नसेवर गाठ वगैरे नाही ना हे बघावं लागतं. (त्या यंत्राइतकं बेसुरं वाद्य मी जन्मात ऐकलेलं नाही. ज्या कानाची तपासणी त्यालाच दणका. बोळे देतात म्हणा.) रिपोर्ट स्वच्छ आला. मग नवी चिठ्ठी: क्लोनाझेपाम, रात्री अर्धी गोळी, पंधरा दिवस. झोप लागेल म्हणाले.

लागली. काय सांगू तुम्हाला! दहा आठवड्यांत पहिल्यांदा माणसासारखा झोपलो. रातकिडा होता तिथेच होता, पण कुणीतरी त्याच्यावर घोंगडी टाकल्यासारखा. मामांनी या चिठ्ठीचा फोटो पाहून पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

"किती दिवस लिहिलीय?"

"पंधरा."

"मग पंधराच. सोळावी मागू नकोस, मी देणार नाही."

सोळावी मी त्यांच्याकडे मागितलीच नाही. घराजवळच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवली आणि त्यांनी काही न विचारता पट्टी हातात ठेवली. पुढेही ठेवत राहिले. पंधरा दिवसांची गोळी मी सव्वातीन महिने घेतली. अर्धीची एक झाली. मामांना सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही, बायकोलाही नाही. पट्टी लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मित्रांबरोबर राजगडावर मुक्कामाला गेलो. बॅग वेगळी, त्यामुळे गोळी घरी. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या रात्री हातापायांना मुंग्या, छातीत धडधड, आणि कान... एका रातकिड्याचे पन्नास झाले. उजवा कानही वाजायला लागला. पद्मावती माचीवर, अख्ख्या सह्याद्रीत जी शांतता असते ती असताना, मी दोन्ही कान दाबून बसलो होतो आणि आवाज आतून येत होता. मला वाटलं, संपलं, आता हे असंच राहणार.

नंतर कळलं ते असं, की या जातीच्या गोळ्यांची शरीराला सवय लागते, आणि त्या एकदम तोडल्या की झोप जाते, घाबरं होतं, आणि कान वाजणं हेही त्या तोडण्याचं एक ठरलेलं लक्षण आहे. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तेच ती सुटताना दामदुप्पट. चक्रवाढ व्याजच म्हणा. खाली उतरल्यावर तडक डॉक्टरकडे गेलो आणि सगळं ओकलो. ते रागावतील असं वाटलं होतं, नाही रागावले. गोळीचे पाव-पाव करत जवळजवळ दोन महिन्यांत ती सोडवली. तुमच्यापैकी कुणी ही गोळी रोज घेत असेल तर माझ्या लिखाणावरून उद्यापासून बंद करू नका. एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. ज्यांनी लिहिली त्यांना विचारून हळूहळू.

त्या दोन महिन्यांत, झोप नव्हतीच, म्हटलं आता नीट वाचू. एखादा बग कुणी न वाचताच 'फिक्स्ड' म्हणून टाकला की मला राग येतो, आणि इथे मी स्वतःच्या कानाचं तेच केलं होतं.

आधी आवाज येतो कुठून? शंखात केसासारखे तुरे असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. माझ्या ताशानं ४००० हर्ट्झच्या आसपासच्या बऱ्याच मारल्या. आता मेंदूला त्या पट्टीतून सिग्नल कमी यायला लागला. मग मेंदू काय करतो? आपल्या कॉलवर सगळे गप्प झाले की सॉफ्टवेअर आपोआप माइकचा गेन वाढवतं आणि एकदम खरखर ऐकू यायला लागते, अगदी तेच. सिग्नल नाही म्हणून गेन वाढवला, आणि आता मेंदूला स्वतःच्याच तारांची गुणगुण ऐकू येतेय. निदान आज बहुतेक संशोधक मानतात ते स्पष्टीकरण असं आहे. आणि ही गुणगुण सगळ्यांतच थोडी असते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी धडधाकट कानांच्या ८० माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत पाच मिनिटं बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं!

म्हणजे बिघाड कानात, आवाज मेंदूत. मग गोळी कुठे मारायची?

गंमत अशी, की कान वाजवणारी औषधं भरपूर आहेत. अॅस्पिरिन भरपूर घ्या, कान वाजतात. पूर्वी सांधेदुखीला अॅस्पिरिन द्यायचे तेव्हा पेशंटचे कान वाजेपर्यंत डोस वाढवायचे, वाजले की जरा कमी करायचे! क्विनाइननं वाजतात. क्षयाची काही इंजेक्शनं, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन, यांनी तर कायमचे वाजू शकतात. आणि आवाज थांबवणारं? निव्वळ टिनिटससाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता दिलेलं औषध आजपर्यंत एकही नाही.

शक्यच नाही असं नाही. रॉबर्ट बारानी म्हणून नोबेल मिळालेला कानाचा डॉक्टर होता. त्याला १९३५ मध्ये दिसलं की भूल देणारं प्रोकेन शिरेतून दिलं की वाजणारा कान गप्प होतो. पुढे लिडोकेननंही तेच दिसलं, बऱ्याच लोकांत. पण काही मिनिटं, फार तर काही तास, आणि त्यात हृदयाचे ठोके बिघडायचा धोका. त्याचीच गोळीतली भावकी, टोकेनाइड, वापरून पाहिली. चालली नाही. तर म्युट बटण कुठेतरी आहे, हे जवळपास नव्वद वर्षं माहीत आहे आणि अजून कुणाला ते सुरक्षितपणे दाबता आलेलं नाही. हे वाचलं त्या रात्री मला आनंद झाला की वाईट वाटलं, आजही सांगता येत नाही.

मग माझ्या चिठ्ठीकडे वळलो. बीटाहिस्टीन मुळात मेनिएर नावाच्या आजारासाठी, ज्यात गरगरतं, कानाला दडा बसतो आणि कान वाजतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात त्याला मान्यता मिळाली आणि पुढे पुरावा नाही म्हणून काढूनही घेतली. २०१६ मध्ये जर्मनीतल्या २२१ मेनिएरच्या पेशंटांवरचा प्रयोग छापून आला. नऊ महिने काहींना कमी डोस, काहींना जास्त, काहींना पिठाची गोळी. गरगरण्याचे झटके तिन्ही गटांत कमी झाले, सारखेच. हे त्याच्या घरच्या आजाराचं. नुसत्या कान वाजण्यावर २०१८ मध्ये कॉक्रेननं पाच अभ्यास मिळून सुमारे तीनशे माणसांचा आढावा घेतला, पिठाच्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही. ब्रिटनच्या नाइसनं २०२० मध्ये स्वच्छ लिहिलं, टिनिटससाठी बीटाहिस्टीन देऊ नका. अमेरिकन ईएनटी संघटनेनं २०१४ मध्येच गिंको, झिंक, मेलाटोनिन आणि तत्सम पूरक गोळ्या, तसंच नैराश्याच्या, फिटच्या आणि चिंतेच्या गोळ्या नुसत्या टिनिटससाठी सरसकट देऊ नका म्हटलं होतं. (पेशंटला नैराश्य खरोखर असेल तर त्याचा इलाज करायचाच, तो वेगळा मुद्दा.) माझ्या दोन चिठ्ठ्यांतलं एकही औषध या चाळणीतून खाली पडत नव्हतं.

नवीन काही येतंय का तेही शोधलं. पडद्यातून कानात टोचायच्या ऑरिस मेडिकलच्या जेलचे दोन मोठे प्रयोग २०१६ आणि २०१८ मध्ये फसले. ओटोनॉमी कंपनीच्या ओटीओ-३१३ बद्दल वाचताना माझी आशा फारच पालवली होती, पुढच्या परिच्छेदापर्यंत. ते ऑगस्ट २०२२ मध्ये फसलं होतं. माझा कान वाजायला लागायच्या महिनाभर आधी. औषध शोधणाऱ्यांचीही दया येते. रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते. हा आवाज मोजायला यंत्र नाही, पेशंट सांगेल तोच आकडा. आणि पेशंटला विचारलं 'आज कसा आहे?' की तो कान देऊन ऐकतो, आणि कान देऊन ऐकलं की तो मोठा होतो.

गिंकोचा प्रयोग मी मामांना फोनवर वाचून दाखवला. ब्रिटनमध्ये झालेला, २००१ साली छापलेला, हजाराहून जास्त माणसांवरचा. बारा आठवड्यांनी गिंको घेतलेल्या ३६० पैकी ३४ जणांना बरं वाटलं. पिठाच्या गोळीच्या ३६० पैकी ३५ जणांना.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दहातल्या एकाला बरं वाटलंच की."

"अहो मामा, पण पिठानंही..."

"ते कळलं मला. मी म्हणतोय, पंधरा वर्षं मी त्या दहातलाच एक असेन."

यावर काय बोलणार? त्यांनी आपल्याच शेल्फवरची गोळी पंधरा वर्षं घेतली. मी आकडे घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो जणू पोलीस पंचनाम्याला गेलेत. विचारलं, बंद करणार का. म्हणाले, बघू.

माझं म्हणाल तर औषधाशिवायच्या वाटेला लागलो. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे समुपदेशकाकडे बसून आवाजाबद्दलचे आपले विचार उसवायचे. याला पुरावा आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ अभ्यास, २७३३ माणसं. पण आवाज कमी होत नाही, आवाजाचा त्रास कमी होतो. हे ऐकून मला आधी फसवल्यासारखं वाटलं, मला म्युट बटण हवं होतं आणि हे म्हणतात नोटिफिकेशन बंद करा. आठ-नऊ बैठका झाल्या. रात्री पंखा, नाहीतर फोनवर बारीक पाऊस. झोपायला लागलो. कधी कधी अर्धा दिवस त्याची आठवण होत नाही. आत्ता लिहितोय म्हणून बोंबलतोय, उद्या परत गप्प बसेल.

गोष्ट इथेच संपली असती, पण २०२४ च्या नवरात्रात सकाळी मामांचा फोन आला.

"बाळ्या, उजव्या कानाला दडा बसलाय. उठलो तेव्हापासून. तंबोरा पण मोठा झालाय. मळ असेल, ड्रॉप टाकतोय. दसऱ्यापर्यंत दुकानातून हलता येत नाही."

एवढं सगळं वाचलेलं पहिल्यांदा कामाला आलं. मी म्हटलं, मामा, तोंड मिटून 'म्म्म' करा. कुठल्या कानात जास्त ऐकू येतंय?

"डाव्यात. चांगल्या."

ही अगदी ढोबळ युक्ती आहे, तपासणीची जागा ती घेत नाही. पण मळानं कान बंद असेल तर गुणगुण बंद कानात मोठी वाटते. चांगल्या कानात मोठी वाटली तर घोटाळा आत, शंखात किंवा नसेत असू शकतो. एका रात्रीत कान गेला असेल तर ती घाई करायची वेळ. स्टिरॉइड देतात, पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं. त्यांचाही पुरावा फार भक्कम आहे अशातला भाग नाही, पण मुदत टळली की तेही हातात राहत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मामांवर ओरडलो. दसरा गेला खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता मिरजेला जा म्हटलं. मामींनी शटर ओढलं.

दुपारी तपासणी झाली. उजवा कान खरंच खूप खाली गेला होता. पण मामांना मधुमेह, आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर भडकते. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यातून थेट कानात इंजेक्शनं द्यायचं ठरवलं, चार. मी रात्रीच्या गाडीनं गेलो. दुसऱ्या इंजेक्शनाच्या वेळी बरोबर होतो. मामा खुर्चीत मान वाकडी करून अर्धा तास पडून होते, औषध आत मुरावं म्हणून, आणि गिळायचं-बोलायचं नाही असं सांगितलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'जेवल्यावर घे' सांगणारा माणूस पहिल्यांदा इतका वेळ गप्प पाहिला. हात मात्र माझ्या मनगटावर होता, घट्ट.

कान अर्धामुर्धा परत आला. फोन आता डाव्या कानाला लावतात. गाण्याला जातात तेव्हा डावीकडच्या खुर्चीचा हट्ट असतो, उजवीकडचं जग जरा लांब गेलंय म्हणतात. तंबोरे दोन झाले. "जोडी लागली," असं स्वतःच सांगतात सगळ्यांना. आधीचा लपवून ठेवला होता, हा लपवत नाहीत.

यंदा, जुलै २०२५ मध्ये, पथकाचा निरोप आला, सराव सुरू होतोय. ताशा मी दिलाय एका पोराला. मी ध्वज धरतो, पुढे, वाद्यांपासून त्यातल्या त्यात लांब, कानात रबरी प्लग घालून. पहिल्या रविवारी चेष्टा झाली. दुसऱ्या रविवारी दोघांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, कुठे मिळतात रे.

परवा मामांना फोन केला होता. दुकानात गर्दी होती, मागे पट्ट्यांची खुळखुळ ऐकू येत होती. म्हणाले, आत्ताच तुझ्याएवढा एक पोरगा येऊन गेला, कान वाजतोय म्हणत होता, चिठ्ठी घेऊन. तीच गोळी, दिवसातून तीनदा.

"मग? दिलीत?"

"चिठ्ठी होती. दिली."

मी काही बोललो नाही.

"पण कधीपासून वाजतोय विचारलं," मामा म्हणाले. "कालपासून म्हणाला, आणि त्या कानानं ऐकू पण येईना. मग गोळीचे पैसे घेतले नाहीत. तुझ्या मामीला दुकानावर बसवलं आणि त्याला रिक्षात घालून आधी मिरजेला धाडला."